चौपदरी गोफ आणि तांब्याचा हिशेब: आयईएमची केबल घरी बनवण्याच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

फलाटांच्या रुंदीकरणासाठी ठाणे स्थानकात त्रेसष्ट तासांचा ब्लॉक असल्यामुळे घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक दिवस पुढे ढकललेल्या कामाला त्यामुळे आज हात लागला. माझ्या आयईएमची, म्हणजे कानात खोल बसणाऱ्या मॉनिटरची (हा एक प्रकारचा इअरफोनच), मूळ केबल बेलापूरच्या रोजच्या लोकल प्रवासात उजव्या कानापाशी खरखरू लागली आहे, आणि प्लगजवळ वाकवली की त्या बाजूचा आवाज पूर्णपणे जातो. बाजारात ‘प्रीमियम कॉपर’ म्हणून मिळणाऱ्या तयार केबलचा भाव मला ६,८०० रुपये सांगण्यात आला. त्यात तार, दोन कनेक्टर, एक प्लग आणि कोणाची तरी एक दुपार यांपलीकडे काही असेल असे न वाटल्यामुळे ती घरीच करायचे ठरवले. अंदाजपत्रक २,५०० रुपये आणि दोन रविवार इतके आहे.

आराखडा असा: २६ एडब्ल्यूजीच्या (हे तारेच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी तार जाड) चार तारा, प्लगपासून छातीपर्यंत चार पदरांचा गोफ आणि तेथून प्रत्येक कानाकडे दोन-दोन पदरांचा पीळ, कानाकडे ०.७८ मिलिमीटरचे टू-पिन कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचा साधा प्लग. दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड प्लगचा मोह झाला होता, परंतु माझ्या फोनच्या डोंगलला, म्हणजे फोनला लावायच्या छोट्या जोडणीला, तो बसत नाही.

८ जून

मागवलेली तार आली. दहा मीटरचे १,४५० रुपये पडले. वेष्टनावर ‘७एन, एकस्फटिकी तांबे, लिट्झ’ असे छापलेले आहे. ७एन म्हणजे ९९.९९९९९ टक्के शुद्धता. एकस्फटिकी म्हणजे सलग एकाच स्फटिकाचे, आणि लिट्झ म्हणजे इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, थर दिलेल्या बारीक तारांची जुडी. एकस्फटिकी तांब्याची पद्धत जपानच्या चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक अत्सुमी ओहनो यांची. तिच्यात साचाच तापलेला ठेवतात, त्यामुळे धातू साच्याच्या भिंतीपासून गोठत नाही आणि स्फटिक तारेच्या लांबीच्या दिशेने वाढत जातात. म्हणजे शुद्धता आणि एकस्फटिकपणा हे दोन वेगळे गुण आहेत, पण जाहिरातीत ते नेहमी एका दमात उच्चारले जातात.

१० जून

काल टोक सोलताना ब्लेडने एक केसाएवढी तार खरवडली गेली आणि आतून पांढरी दिसली. कल्हई केलेली तार बाहेरून पांढरी आणि आतून तांबडी असते. इथे उलटा प्रकार होता. शंका मिटवण्यासाठी अर्धा मीटर तारेवरचे पीव्हीसी काढून ती आज कार्यालयातून परतताना जांभळी नाक्याजवळच्या ओळखीच्या सराफांकडे नेली. २६ एडब्ल्यूजीचा छेद ०.१२९ चौरस मिलिमीटर आणि तांब्याची घनता ८.९६, म्हणून अर्ध्या मीटरचे वजन सुमारे ०.५८ ग्रॅम भरायला हवे होते. काट्यावर ०.२४ ग्रॅम आले. सराफांनी भिंगातून पाहून सांगितले, “हे तांबे नाही हो, तांब्याचे पाणी चढवलंय.” तांत्रिक भाषेत हे तांब्याचे कवच असलेले ॲल्युमिनियम होय. ते वाहक म्हणून तांब्यापेक्षा बरेच उणे आणि वाकवल्यावर लवकर तुटणारे असते. विक्रेत्याने ‘वेष्टन उघडलेला माल परत घेतला जात नाही’ एवढेच उत्तर दिले. १,४५० रुपये बुडाले.

यापुढे कोणतीही तार हाती आली की पहिले काम वजनाचे, हा धडा महागात मिळाला. ७एनचे खोटे घरी सिद्ध करता येत नाही, पण तांब्याचे खोटे काट्यावर दोन मिनिटांत उघडे पडते. खरे तर सातव्या नऊसाठी पैसे मोजण्यात हशील नाही. तांब्याच्या वाहकतेचे १९१३ साली ठरलेले प्रमाण १०० टक्के धरले, तर आजची साधी विजेची तांब्याची तारही ते गाठते, आणि अतिशुद्ध तांबे फार तर तीनेक टक्के पुढे जाते. तारेची जाडी एका क्रमांकाने वाढवली तर याहून कितीतरी अधिक फायदा होतो.

१५ जून

लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड. टू-पिन कनेक्टरची जोडी ३५० रुपये, प्लग २८०, स्प्लिटर (गोफ दोन कानांकडे दुभागतो तेथला तुकडा) आणि हनुवटीखालचा स्लायडर मिळून २२०, ६३/३७ प्रमाणाची कथील-शिशाची सोल्डर तार १९०, श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, ८०. शिसेविरहित सोल्डर जाणूनबुजून घेतले नाही, कारण ६३/३७ हे १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, तर शिसेविरहित सोल्डरला त्याहून तीस-पस्तीस अंश जास्त लागतात. इतक्या लहान प्लास्टिकच्या कनेक्टरशी गाठ असताना तेवढे अंशही जड जातात. पावसामुळे पिशवीतला प्लग ओला झाला, हे वगळता फेरी यशस्वी झाली.

२२ जून

दुसरीकडून मागवलेली आठ मीटर तार मंगळवारी आली: १६० रुपये मीटर, एकूण १,२८०. तिच्यावर कोणतेही ‘एन’ छापलेले नाही. अर्धा मीटर तोडून तोलल्यावर ०.५९ ग्रॅम भरले. जास्तीचा अंश इनॅमलचा असावा. तांबे खरे आहे.

ही तारही लिट्झच आहे. म्हणजे आतील प्रत्येक बारीक तारेवर इनॅमलचा स्वतंत्र थर आहे. लिट्झ घेण्याचे कारण म्हणून, उच्च वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहतो असे जे दाखले दिले जातात, ते या जाडीला लागू होत नाहीत. २० किलोहर्ट्झलाही तांब्यात प्रवाह साधारण ०.४६ मिलिमीटर खोलीपर्यंत पोचतो आणि आपल्या तारेची त्रिज्या ०.२ मिलिमीटर आहे. लिट्झचा खरा लाभ आपल्या हवेत दिसतो. पावसाळ्यातील दमटपणा आणि मानेवरचा घाम यांनी पारदर्शक पीव्हीसीमधील उघडे तांबे वर्षभरात हिरवे पडते, तर इनॅमलखालचे तांबडेच राहते.

या लाभाची किंमत आज चुकती केली. इनॅमल काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि ते काढण्यात पूर्ण दिवस गेला. ब्लेडने खरवडताना काही बारीक तारा तुटल्या. मग लायटरने जाळून पाहिले. तांबे काळे पडले, ठिसूळ झाले आणि त्यावर सोल्डरचे थेंब अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावे तसे घरंगळू लागले. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवूनही काही फरक पडला नाही. चार टोके वाया गेली, म्हणजे प्रत्येक टोकामागे सहा सेंटिमीटर तार कमी झाली.

२४ जून

सायंकाळी वागळे इस्टेटमधील एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तेथील काका चाळीस वर्षे इनॅमलच्या तारेतच वावरलेले आहेत. त्यांनी तारेचे टोक नखाने ओढून पाहिले आणि सांगितले की मोटरच्या तारेवरचे इनॅमल या आयर्नच्या उष्णतेला दाद देणार नाही, ते खरवडावेच लागते. पण ही तार पॉलियुरेथेनची दिसते, ती कढत कथलात बुडवली की स्वतःच सोलून निघेल. “तुमची उष्णता कमी पडतेय आणि घाई जास्त होतेय,” हे त्यांचे निदान होते.

घरी येऊन आयर्न ४२० अंशांवर नेले, रुंद टोक लावले, त्यावर सोल्डरचा मोठा थेंब धरून ठेवला आणि तारेचे टोक त्यात बुडवून पाच-सहा सेकंद हळूहळू फिरवले. थोडा धूर निघाला, काळा मळ कडेला सरकला आणि मागे झळझळीत कल्हई झालेली तार उरली. हा धूर इनॅमलचा असतो, तो छातीत जाणे चांगले नाही. खिडकी उघडी ठेवून पंखा धूर बाहेर ढकलेल असा लावावा आणि तोंडावर मास्क बांधावा. आयर्नचे टोकही या तापमानाला लवकर झिजते, म्हणून कल्हईसाठी जुने टोक वापरले आणि चांगले टोक सांध्यांसाठी राखून ठेवले.

३० जून

चार तारा प्रत्येकी १.४ मीटर कापून गोफ विणायला घेतला. वरचे टोक टेबलाच्या कडेला शिकंजात धरले आणि खाली चार लांब शेपट्या मोकळ्या सोडल्या. दर वीस सेंटिमीटरला त्यांचा गुंता होत होता आणि तो सोडवताना वर विणलेला भाग ढिला पडत होता. चार तास गेले. शेवटी मोजले तेव्हा प्लगपासून कानापर्यंतची लांबी १.०८ मीटर भरली. खिशातल्या फोनपासून कानापर्यंत हे अंतर उभ्याने जेमतेम पुरते. बसलो की मान खेचली जाते. म्हणजे १,२८० रुपयांच्या तारेचा एक आखूड गोफ झाला आणि उरलेल्या तुकड्यात दुसरा बसत नाही. त्याच विक्रेत्याकडून आणखी सात मीटर तार मागवली, १,१२० रुपये. बुडालेली तार सोडली तरी अंदाजपत्रक आज ओलांडले गेले.

६ जुलै

या वेळी १.६ मीटरचे चार तुकडे कापले. काम सुरू असताना आई शेजारी येऊन बसली. तिने शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी गोफ विणलेला आहे आणि हस्तकलेच्या तासाला करदोड्याचेही गोफ केलेले आहेत. मोकळ्या शेपट्या पाहून तिने आधी मला थांबवले. “अरे, आधी प्रत्येक पदराची लडी कर आणि लागेल तेवढीच सोड.” आइस्क्रीमच्या चार काड्यांवर तारा गुंडाळल्या, तेव्हा गुंता हा प्रकारच संपला. तिची दुसरी सूचना अधिक मोलाची ठरली. मी प्रत्येक वेढ्यानंतर चारही पदर आवळत होतो. तिने सांगितले की जो पदर मधून वर येतो तेवढ्यालाच आवर, बाकीचे आपापल्या जागी बसतात. दीड तासात गोफ पूर्ण झाला, एकसारखा झाला आणि मुख्य म्हणजे मऊ राहिला. मऊपणाला महत्त्व आहे, कारण घट्ट विणलेली केबल कपड्यावर घासली की ती खरखर थेट कानात पोचते.

चारही तारा एकाच रंगाच्या असल्यामुळे दोन्ही टोकांना रंगीत दोरे बांधून ठेवले.

७ जुलै

कनेक्टर जोडण्यापूर्वी चारही तारांचा रोध मोजायचा होता. साधा मल्टिमीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबमध्येच ०.३ ओहम जातात आणि आपल्याला ०.२ ओहम पाहायचे आहेत. त्यावर उपाय म्हणून एलएम३१७ या नियंत्रक चिपला १२ ओहमचा रोधक लावून १०४ मिलिॲम्पिअरचा स्थिर प्रवाह तारेतून सोडला आणि तारेच्या दोन टोकांवरील मिलिव्होल्ट वेगळ्या प्रोबने मोजले. सगळ्या साहित्याचे ४५ रुपये झाले.

टोके छाटल्यावर तार दीड मीटर उरते आणि २६ एडब्ल्यूजीला मीटरमागे ०.१३४ ओहम धरले तर ०.२० ओहम अपेक्षित आहेत. तीन तारांवर २१ मिलिव्होल्ट, म्हणजे बरोबर ०.२० ओहम मिळाले. चौथीवर ३१ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.३० ओहम. दीडपट रोध याचा अर्थ आतील एक तृतीयांश बारीक तारा जोडल्याच गेल्या नाहीत. टोक भिंगाखाली पाहिले तर कल्हई बाहेरून उत्तम होती, पण मधल्या तारांवर इनॅमल तसेच होते. टोक पुन्हा थेंबात बुडवून, तारा किंचित मोकळ्या करत फिरवले आणि आकडा ०.२० वर आला. डोळ्याला हा दोष कधीच दिसला नसता आणि कानाला फक्त ‘ही बाजू जरा मंद वाटते’ एवढेच जाणवले असते.

८ जुलै

रात्रभरच्या पावसाने रुळांवर पाणी साचले आणि लोकल कोलमडली. दिवसा घरूनच काम केले आणि संध्याकाळी कनेक्टर घेतले. दहा मिनिटांत दोन्ही वाया घालवले. टू-पिनमधील दोन पिना प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेल्या असतात. आयर्न चार सेकंद टेकवले की ठोकळा मऊ होतो आणि पीन तिरपी होते. ती डोळ्याला सरळच दिसते, पण मॉनिटरच्या सॉकेटमध्ये शिरत नाही. जोर करून ढकलण्याचा मोह आवरला हे बरे झाले, कारण सॉकेट फुटले असते तर नुकसान हजारांत गेले असते.

१३ जुलै

नवी जोडी ३५० रुपये आणि सोबत दोन सुटी मादी सॉकेटे ८० रुपये. कनेक्टर आधी सुट्या सॉकेटमध्ये घट्ट बसवून मगच सोल्डर केल्यास पिना हलत नाहीत आणि उष्णताही सॉकेटमध्ये ओढली जाते. पिनेवर आणि तारेवर आधीच कल्हई करून ठेवली, आयर्न ३४० अंशांवर आणले आणि प्रत्येक सांधा दोन सेकंदांत आटोपला. चारही सांधे पहिल्या प्रयत्नात जमले, आणि त्या आनंदात स्प्लिटर व स्लायडर आधी ओवायचे राहून गेले हे तासाभराने लक्षात आले. दोन्ही कनेक्टर उतरवून, स्प्लिटर आणि स्लायडर ओवून, पुन्हा जोडले. प्लगच्या बाबतीत नेमकी हीच चूक पुन्हा केली. प्लगची धातूची नळी टेबलावरच राहिली होती. त्यातच नळीचे भोक गोफापेक्षा अरुंद निघाल्यामुळे शेवटचे दोन सेंटिमीटर गोफ उसवून तारा समांतर आत न्याव्या लागल्या.

१४ जुलै

पहिल्यांदा ऐकले. दोन्ही बाजू वाजतात, पण तबल्याचा बायां नाहीसा झाला आहे आणि तानपुरा डोक्याच्या मागे कुठेतरी वाजतो आहे. उजव्या बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. डावा आणि उजवा कनेक्टर समोरासमोर धरले की ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, आणि मी दोन्ही एकाच दिशेला धरून जोडले होते. आता प्रत्येक धन पिनेच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे.

२८ जुलै

गेल्या आठवड्यातील पावसानंतर डाव्या बाजूचा आवाज कमीजास्त होऊ लागला. श्रिंक ट्यूब कापून पाहिली तर सांध्याभोवती हिरवा कळंक चढलेला होता. चूक माझीच आहे. सांध्यांसाठी मी घरात पडलेली हार्डवेअरच्या दुकानातली सोल्डरिंग पेस्ट वापरली होती. ती आम्लयुक्त असते, भांडी आणि पत्र्याच्या कामासाठी ठीक असते, पण मागे राहिली की दमट हवेत तांबे खात बसते. सातही सांधे उकलले, कळकलेली टोके छाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढले आणि राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावून नव्याने केले. राळ ६० रुपये, अल्कोहोल ७० रुपये, वेळ पाच तास.

कानामागचे वळण देण्यासाठी श्रिंक ट्यूब लायटरने तापवू नये. आतील पीव्हीसी आधी वितळते. तार जाड मार्करभोवती वळवून हेअर ड्रायरने हळूहळू तापवली आणि थंड होईपर्यंत तशीच धरली, तेव्हा वळण टिकले.

४ ऑगस्ट

अंतिम मोजमाप: जाऊन-येऊन एका कानाचा रोध सांध्यांसकट ०.४२ ओहम. मूळ केबलचा, खरखर करणारी बाजू वगळून, ०.९० ओहम होता. मॉनिटरचा रोध वारंवारतेनुसार बदलतो. तो ८ ओहम असेल तेथे या फरकाने पातळी सुमारे ०.४८ डेसिबलने वाढेल आणि ३० ओहम असेल तेथे सुमारे ०.१४ डेसिबलने. म्हणजे स्वरांच्या समतोलात एक तृतीयांश डेसिबलचा बदल होईल. एवढाच बदल गणितातून निघतो.

११ ऑगस्ट

भाच्याला बोलावून परीक्षा घेतली. जुन्या केबलची चांगली बाजू आणि नव्या केबलची तीच बाजू त्याने माझ्या पाठीमागे बसून बारा वेळा हवी तशी बदलली, आणि मी कोणती ते सांगत गेलो. सात उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही सहा आली असती. भाच्याचे म्हणणे असे की मामा हरला. माझे म्हणणे असे की खरखर गेली, हालचालीतला आवाज कमी झाला आणि प्लगपाशी वाकवली तरी केबल गप्प राहते, यासाठीच हे काम हाती घेतले होते.

२५ ऑगस्ट

तीन आठवडे रोज बेलापूरपर्यंत वापरली. तक्रार नाही. एकूण खर्च बुडालेली तार आणि जळालेले कनेक्टर धरून ५,५७५ रुपये झाला, लोकलचे भाडे वेगळे. वहीतील वेळा मिळवल्या तर एकतीस तास भरतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक इनॅमल आणि कनेक्टर यांनी खाल्ले. चुका वगळून याच मापाची दुसरी केबल केली तर तार आणि सुटे भाग मिळून दोन हजारांच्या आसपास लागतील.

आखूड गोफ भाच्याने मागितला आहे. त्याचा डोंगल शर्टाच्या खिशात असतो, त्यामुळे १.०८ मीटर त्याला पुरतात. कनेक्टरची तिसरी जोडी यायची आहे. प्लगची नळी, स्प्लिटर आणि स्लायडर या वेळी आजच ओवून ठेवले आहेत आणि ते घसरून पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्याच्या गाठी मारल्या आहेत.